चिठ्ठीत नाव कोणाचं?

इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेत सभासदत्व नाही, वर्गणी नाही, मतदानसुद्धा नाही. बैठकीत सूर कुठे जास्त आहे ते लोकांच्या हुंकारावरून पाहतात. रविवारी विहारात नेटवर्कचं काम करणाऱ्या आमच्यातल्या एका मुलाने हे सांगितलं, तेव्हा आम्हाला बरं वाटलं. पण दार उघडं आहे असं कोणी म्हटलं की आम्ही आधी उंबरठा बघतो.

तिथले पदाधिकारी एक नामनिर्देशन समिती निवडते आणि तिचे मताधिकार असलेले 10 सदस्य चिठ्ठ्या टाकून काढतात. चिठ्ठी जात विचारत नाही, कबूल. पण चिठ्ठीवर नाव यायला कोरोनाआधी गेल्या 5 पैकी 3 बैठकांना हजेरी लागायचीच. बैठका वर्षाला 3, कधी या खंडात तर कधी त्या. विमान, हॉटेल, व्हिसा, नोंदणी शुल्क. कंपनीने भरलं तरच जमायचं. ऑनलाइन हजेरी धरू लागले ती कोरोना आल्यावर.

2013 साली त्यांच्यातल्याच काहींनी खुलं पत्र लिहिलं की नेतृत्वात बायका आणि युरोप-उत्तर अमेरिकेबाहेरची माणसं जवळजवळ नाहीत. अशा वेळी 'आम्ही फक्त गुणवत्ता बघतो' हे उत्तर येतंच. मंडलपासून ते आम्हाला पाठ आहे.

आता गंमत बघा. त्याच समितीत एका कंपनीचे 2 हून जास्त लोक बसू शकत नाहीत, असा त्यांचाच नियम आहे! म्हणजे माणूस कुठून आला यावर निर्णय झुकतो, हे त्यांना कंपनीपुरतं मान्य आहे. मग बाईपुरतं, आफ्रिकेपुरतं का नाही? 1919 साली साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी हेच मांडलं होतं: मतांचं प्रतिनिधित्व पुरत नाही, माणसांचंही हवं.

आणि उद्या तिथे भारतीय नावं वाढली, तर त्यांत आपली किती? देश मोजतात, बाई-पुरुष मोजतात, जात कोणी मोजत नाही. 2020 मध्ये कॅलिफोर्निया सरकारच्या विभागाने सिस्कोवर जातिभेदाच्या आरोपाचा दावा लावला, तेव्हा कुठे अमेरिकेत अनेकांना कळलं की जात विमानातून येते.

आमच्या मुलाने पुढच्या बैठकीसाठी ऑनलाइन शुल्कमाफीचा अर्ज टाकलाय. बैठक आपल्या मध्यरात्री आली तर आम्ही दोघं-तिघं त्याच्यासोबत जागणार आहोत.