चौल येथील वामनवृक्ष

चौलास जाणारा प्रवासी रामेश्वराचें देवालय व पुष्करिणी पाहून परततो. आम्हीं मात्र या खेपेस एका स्नेह्यांच्या पडवींत कुंडींतला जुना शेफ्लेरा पाहिला. मूळचा तैवानकडील हा वृक्ष. पानें पसरलेल्या पंजासारखीं, उंची जेमतेम हातभर. कोंकणच्या दमट हवेंत त्याच्या खोडास वडासारख्या पारंब्या सुटल्या होत्या.

गृहस्थ म्हणाले, "मास्तर, याची जून फांदी तारेनें वळवूं गेल्यास मोडते, वळण कात्रीनेंच द्यावें लागतें. शेंडा छाटला कीं खालच्या डोळ्यांतून फुटवे येतात. हव्या त्या दिशेचा एक राखावा, बाकीचे खुडावे. मात्र पहिल्या छाटणीस फुटवा आल्यावांचून दुसरी करूं नये."

छाटणी ही क्रूरता कीं संस्कार? आयुष्यभर मुलांस वळण लावणाऱ्या आम्हांस हा प्रश्न टाळतां येईना. पोर्तुगीजांकडून १७४० सालीं मराठ्यांकडे आलेलें चौल एके काळीं नामांकित बंदर होतें. पुढें मुंबई वाढली, येथील व्यापाराचा शेंडा तुटला. तरी नारळी-पोफळींच्या वाड्या आजही हिरव्यागार आहेत. फुटवा येण्यास जी अवसर देते, ती छाटणी संस्कार होय. जी देत नाहीं, ती केवळ तोड.