आजी-आजोबांचा चायनीज क्लास

‘चायनीज शिकतेय’ असं सांगितलं की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, ‘कुठल्या हॉटेलात?’ दुसरा जरा सीरियस असतो. ‘त्यात म्हणे चार सूर असतात, कसं जमतं तुला?’ असतात ना. ‘मा’ हा एकच उच्चार सूर बदलला की आईचा घोडा होतो! पण खरं सांगू? सूर सरावानं जमतात. कठीण असतं ते सरावाला माणूस मिळणं.

आणि तेही चक्क बीजिंगमध्ये! एका वर्षाच्या लँग्वेज कोर्ससाठी मी तिथे होते. कॉफीची ऑर्डर फोनवरून जाते, टॅक्सी अ‍ॅपवर येते, भाजीवाल्याकडेही क्यूआर कोड टांगलेला. आपल्या वयाची ऑफिसवाली मंडळी मेट्रोत कानात इअरफोन घालून उभी. चुकून कुणी बोललंच, तर त्याला स्वतःचं इंग्रजी पक्कं करायचं असतं. दिवसच्या दिवस तोंड न उघडता जातो. मग वेळ आहे कुणाकडे?

रिटायर्ड लोकांकडे. चीनमध्ये २०२४ पर्यंत पुरुष ६०व्या वर्षी रिटायर व्हायचे, ऑफिसातल्या बायका ५५व्या आणि कारखान्यातल्या तर ५०व्याच वर्षी. २०२५ पासून हे वय टप्प्याटप्प्यानं वाढतंय, पण बागेत दिसते ती पिढी जुन्या नियमातली. ठणठणीत तब्येत, हातात पेन्शन आणि समोर मोकळी सकाळ.

माझी बाग होती थ्येन-थान, म्हणजेच टेंपल ऑफ हेवन. १४२० मध्ये मिंग सम्राटानं बांधलेली. चांगलं पीक यावं म्हणून सम्राट इथे येऊन आभाळाला साकडं घालायचे आणि आम जनतेला आत पाऊल टाकायची सोय नव्हती. १९१८ मध्ये बाग सगळ्यांसाठी उघडली. आता निळ्या छपराच्या त्या गोल मंदिराचे फोटो काढायला टुरिस्ट उशिरा येतात. त्याआधीची बाग आजी-आजोबांच्या मालकीची! एकीकडे ताय-ची, एकीकडे स्पीकर लावून ग्रुप डान्स. ७२ खणांच्या लांबलचक ओसरीत पत्त्यांचे डाव, विणकाम आणि कोरस. फरशीवर मोठा ब्रश पाण्यात बुडवून अक्षरं काढणारे आजोबा. पाचेक मिनिटांत अक्षर वाळून गायब होतं, की ते शांतपणे पुढचं काढतात.

मी घुसले ते ‘च्येन-ज’ खेळणाऱ्या काकूंच्या गोलात. खाली धातूच्या चकत्या, वर पिसं, असं ते फूल पायानं उडवत ठेवायचं. हात लावायचा नाही. भाषा शिकणाऱ्याला हा खेळ म्हणजे लॉटरीच. पाय कामात असले की तोंड आपोआप सुटतं. शिवाय तीच चार-पाच वाक्यं रोज शंभर वेळा कानावर पडतात. ‘हाओ छ्यू’ म्हणजे मस्त मारलास. ‘मान-मान लाय’ म्हणजे सावकाश होऊ दे. फूल खाली पडलं की सगळ्या एका सुरात ‘आय-यो!’ हे तर भाषांतराशिवाय कळतं.

विश्रांतीला बसलं की चौकशी सुरू. कुठल्या देशाची? वय किती? लग्न झालं? पगार किती? मोकळीक अगदी आपल्या एसटीतल्यासारखी. नवी काकू आली की प्रश्नपत्रिका पुन्हा पहिल्यापासून. एवढा सराव कुठला क्लास घेणार? गाव सोलापूरजवळ आहे म्हटल्यावर एका आजोबांनी लगेच डॉ. कोटणीसांचं चिनी नाव घेतलं. १९३८ मध्ये चीनला गेलेला आणि १९४२ मध्ये तिथेच वारलेला आपला डॉक्टर तिथल्या त्या पिढीला नीट आठवतो.

एक गोष्ट मात्र बागेतच उमगली. आपण मराठी माणसं चायनीज शिकायला निम्मी तयार होऊनच जन्मतो! रोमन लिपीत ‘बी’ लिहिलेला आवाज त्यांच्या तोंडी ‘प’सारखा येतो आणि ‘पी’ लिहिलेला ‘फ’सारखा. म्हणून बीजिंग त्यांच्या तोंडून ‘पेइचिंग’ ऐकू येतं. ‘चहा’तला च आणि ‘चमचा’तला च असे आपल्याकडे दोन च, त्यांच्याकडेही तसे दोन आहेत. आणि सगळ्यात भारी म्हणजे ‘आम्ही’ आणि ‘आपण’. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द, हिंदीतही ‘हम’वर भागतं. बीजिंगच्या बोलीत मात्र ‘वो-मन’ म्हणजे आम्ही, तू सोडून. आणि ‘चान-मन’ म्हणजे आपण, तुला धरून. यातला च ‘चमचा’तला.

आमच्या गोलात एक सिचुआनची काकू होती. सिचुआन म्हणजे आपल्या शेजवान चटणीचं माहेर. तिथे ती चटणी कुणी पाहिलेली नसते, तो भाग वेगळा. मुलगा-सून बीजिंगला नोकरीत, म्हणून ही नातवाला सांभाळायला आलेली. नवरा गावीच. अशा आजी-आजोबांना चीनमध्ये ‘लाओ-फ्याओ’ म्हणतात, म्हातारपणी वाहत आलेले. तिच्या बोलीत न आणि ल यांची सरमिसळ. दुधाला ती ‘न्यू-नाय’ऐवजी ‘ल्यू-लाय’ म्हणायची आणि पाच वर्षांचा नातू खदाखदा हसून तिला दुरुस्त करायचा. ‘पहिले सहा महिने मी त्याच्याशिवाय कुणाशी बोललेच नाही,’ ती एकदा म्हणाली. म्हणजे बागेत चायनीजचा सराव करायला आलेली मी एकटी नव्हते! बेंगळुरूच्या सोसायटीत बाबागाडी ढकलणाऱ्या, वॉचमनशी मोडक्या हिंदीत बोलणाऱ्या आपल्याकडच्या कितीतरी आया मला आठवल्या.

एका सकाळी अस्सल बीजिंगच्या एक बाई मेट्रोतल्या गर्दीवर तोंडसुख घेत होत्या. सगळी गर्दी या ‘वाय-ती-रन’ लोकांची, बाहेरगावच्यांची. गोल जरा गप्प झाला. सिचुआनची काकू बुटाची नाडी बांधायला वाकली आणि माझ्याकडे न बघताच हळू आवाजात म्हणाली, ‘चान वाय-ती-रन...’ आपण बाहेरगावचे. तो शब्द तिच्या गावचाही नव्हे, तो उत्तरेचा. तोही तिनं इथेच उचललेला. माझा व्हिसा वर्षाचा, मी परत जाणार होते. ती स्वतःच्याच देशात होती आणि कधी परत जाणार ते तिच्या हातात नव्हतं. तरी तिनं मला ‘आपण’मध्ये घेतलं. परीक्षेतले कुठलेच मार्क मला एवढे गोड लागले नाहीत.

गंमत पुढेच आहे. महिन्याभरानं नातू तापानं आजारी पडला आणि काकू तीन दिवस आली नाही. चौथ्या दिवशी त्याच बीजिंगवाल्या बाईंनी फूल हातात धरून खेळ थांबवला. ‘चान-मन’ची ती सिचुआनवाली कुठंय, असं त्यांनी विचारलं. आपली सिचुआनवाली! मी आणि दुसरी एक काकू फळं घेऊन तिच्या घरी गेलो.

आता मी परत आलेय. काकू वुई-चॅटवर व्हॉइस मेसेज पाठवते, टाइप करायचा तिला कंटाळा. एक मेसेज ६० सेकंदांचा, त्याहून मोठा जात नाही. म्हणून ती एकामागोमाग चार पाठवते. नातवाची शाळा, गुडघे, कोबीचा भाव... निम्मं पहिल्या फटक्यात कळतं, उरलेल्यासाठी पुन्हा ऐकते. गेल्या आठवड्यातल्या मेसेजमध्ये नवी बातमी होती. गोलात एक कोरियन मुलगी आलीय. पाय चांगला चालतो, पण अजून काही बोलत नाही. ‘काळजी नको,’ काकू म्हणाली, ‘चान-मन शिकवू तिला.’