कोलोमाचे सोने

आईला अमेरिका दाखवायची म्हणून धाकट्याने गेल्या उन्हाळ्यात आम्हां तिघींना बोलावून घेतले. आई, मी आणि माझी मुलगी. घरून 'हे' आले नाहीत. रजा नाही हे सांगायचे कारण, आणि अठरा-वीस तास विमानात बसण्याची भीती हे खरे कारण.

धाकटा कॅलिफोर्नियात फॉलसम नावाच्या गावी असतो. पहिल्या पंधरवड्यात त्याने आईला समुद्र दाखवला, पूल दाखवला, उंच झाडे दाखवली. आई सगळीकडे मुकाट्याने हिंडली. सॅनफ्रान्सिस्कोच्या त्या जगप्रसिद्ध पुलावर उभी राहून ती एवढेच म्हणाली, "वारा फार आहे हो इथं." धाकटा खट्टू झाला. मग एका शनिवारी रात्री जेवताना तो म्हणाला, "आई, उद्या तुला सोन्याच्या गावाला नेतो."

आईने घास हातातच ठेवला. "काय घ्यायचंय?"

सोन्याचे नाव निघाले की काही घ्यायचे असते किंवा मोडायचे असते, हा तिचा आजवरचा अनुभव. नुसते बघायला कुणी जाते हे तिला पटेना.

कोलोमा हे गाव फॉलसमपासून मोटारीने पाऊण तासावर आहे. टेकड्यांवरचे गवत वाळून पिवळेधमक झाले होते आणि मधूनमधून ओकची झाडे उभी होती. कडेगाव-विट्याकडचा मे महिना आठवावा, तसा तो सगळा मुलूख. आमचा भाचा दहा वर्षांचा. शाळेत त्यांना हा इतिहास असतो, त्यामुळे वाटाडेपण त्याने आपल्याकडे घेतले होते. त्याचे मराठी मोठे गोड. "आजी, इथे माणूस सोना भेटला," असे त्याने सांगितल्यावर आई म्हणाली, "सोना कोण?"

तर हकिगत अशी. जॉन सटर नावाचा एक स्विस माणूस इकडे मोठी जहागीर करून राहिला होता. त्याला घरे बांधायला फळ्या हव्या होत्या, म्हणून त्याने जेम्स मार्शल या सुताराला अमेरिकन नदीच्या काठी लाकडे कापण्याची पाणगिरणी उभारायला सांगितले. गिरणीचे पाणी वाहून नेणारा पाट खोल होत नव्हता. 24 जानेवारी 1848 रोजी सकाळी मार्शल पाट बघायला गेला, तेव्हा त्याला तळाशी पिवळे काही चकाकताना दिसले. पुढच्या सात वर्षांत तीन लाखांच्या आसपास माणसे जगभरातून इकडे लोटली. 1849 मध्ये त्यांची मोठी लाट आली, म्हणून त्यांना 'एकोणपन्नासवाले' हे नाव पडले. आम्ही ज्या रस्त्याने आलो त्याचा क्रमांकही त्यावरूनच 49 ठेवलेला आहे. मौज अशी, की हा सगळा प्रदेश तेव्हा कागदोपत्री मेक्सिकोचा होता. सोने सापडल्यावर नवव्या दिवशी मेक्सिकोने तहावर सही करून तो अमेरिकेला देऊन टाकला. आपण काय दिले हे देणाऱ्याला ठाऊक नव्हते आणि घेणाऱ्यालाही.

संग्रहालय बेताचेच आहे. दिवाणखान्याएवढ्या दोन-तीन दालनांत कुदळी, तराजू, बूट, कंदील, जुनी छायाचित्रे. मी पाट्या वाचून आईला मराठीत सांगत होते. पहिली सोन्याची कणी सोन्याचीच आहे की नुसती चकाकते, हे कसे ठरवले, ते मी तिला सांगितले. मार्शलने ती हातोडीने ठोकून पाहिली. फुटली नाही, चपटी झाली. आणि मजुरांचा स्वयंपाक करणारी जेनी विमर नावाची बाई त्या वेळी साबण करत होती. तिने एक कणी साबणाच्या कढत खारात टाकून ठेवली. सकाळी पाहते तो कणी जशीच्या तशी, काळी न पडलेली.

"म्हणजे कस बाईनंच लावला," आई समाधानाने म्हणाली. "आणि नाव त्या सुताराचं."

एका कोपऱ्यात व्यापाराची गोष्ट होती. सॅम ब्रॅनन नावाचा एक दुकानदार होता. सोन्याची बातमी कळताच त्याने काय केले, तर आधी फावडी, घमेली मिळतील तेवढी आपल्या दुकानात भरली, आणि मग सोन्याची पूड भरलेली बाटली हातात घेऊन सॅनफ्रान्सिस्कोच्या रस्त्यांतून ओरडत फिरला. सोने खणण्यापेक्षा फावडी विकण्यात पैसा आहे हे त्याने ओळखले. पुढे तोही कफल्लक होऊन मेला, हे मात्र धाकट्याने सांगितले, पाटीवर मी ते पाहिले नाही.

आईने विचारले, "तेव्हा तोळ्याला भाव काय होता?"

धाकट्याने फोन काढला आणि हिशेब केला. सरकारी भाव औंसाला 20 डॉलर 67 सेंट. म्हणजे तोळ्याला पावणेआठ डॉलर. आईने मान डोलावली. आजचा भाव मी इथे लिहीत नाही. सणासुदीला वाचकांच्या तोंडाची चव कशाला घालवू?

बाहेर झाडाखाली एक मोठा सपाट खडक आहे. त्यात वाटीएवढे, तांब्याएवढे खळगे. मी पाटी वाचायच्या आत आई म्हणाली, "उखळं आहेत ही." ती उखळेच होती. निसेनान लोकांच्या बायका इथे बसून ओकची फळे कुटायच्या, आणि कडवटपणा जावा म्हणून ते पीठ पुन्हा पुन्हा पाण्याने धुऊन घ्यायच्या. गावाचे कोलोमा हे नाव त्यांच्याच भाषेतले. त्यांच्या कुल्लुमा या वस्तीवरून पडलेले.

"मग ते लोक कुठे गेले?" माझ्या मुलीने विचारले.

भाचा गप्प राहिला. त्याच्या धड्यात बहुधा एवढेच नव्हते. आत भिंतीवर होते. 1848 साली कॅलिफोर्नियात मूळचे लोक दीड लाखाच्या आसपास होते. 1870 पर्यंत ते तीस हजारांवर आले. काही रोगांनी मेले, काही उपासमारीने, आणि पुष्कळ सरळसरळ मारले गेले. 1850 साली कॅलिफोर्निया राज्य झाले आणि त्याच वर्षी असा कायदा झाला की त्याच्या आधारे या लोकांना, त्यांच्या मुलाबाळांनासुद्धा, गोऱ्यांच्या घरी वेठीला धरता यावे. परदेशी खाणकऱ्यांवर महिना वीस डॉलरचा करही त्याच वर्षी बसला. 2019 साली राज्याच्या गव्हर्नरांनी मूळ रहिवाशांची जाहीर माफी मागितली. मी शाळेत इतिहास शिकवते. सनावळी मुलांना पाठ करून घेताना दोन सनांच्या मधल्या जागेत किती माणसे असतात, याचा विचार रोज करावा तर तास संपायचा नाही. दसऱ्याला आम्ही आपट्याची पाने लुटतो आणि त्याला सोने म्हणतो. झाडाचा पाला जातो, एवढेच. त्या खडकाशी उभी असताना मला तो सण एकदम फार भला वाटला.

पुढे एका छायाचित्रापाशी मात्र आम्ही बराच वेळ थांबलो. नॅन्सी गूच नावाची एक काळी बाई. 1849 मध्ये तिला आणि तिच्या नवऱ्याला मालकाने गुलाम म्हणून इथे आणले. मुलगा मागे मिसुरीत राहिला. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्निया गुलामी नसलेले राज्य झाले आणि ती सुटली. सुटली म्हणजे काय, तर खाणवाल्यांचे कपडे धुऊ लागली, फाटके शिवू लागली, स्वयंपाक करू लागली. त्यांतून तिने 700 डॉलर साठवले आणि 1870 साली मुलाला, सुनेला, नातवंडांना इकडे आणवले. पुढे या कुटुंबाने फळबागा केल्या, गावातली बरीच जमीन घेतली.

मी हे सांगत होते, पण आईचे लक्ष शेवटाकडेच होते. "आला का मग मुलगा?"

"आला ना. हे काय लिहिलंय."

"किती वर्षांनी?"

"एकवीस."

आई त्या छायाचित्राकडे पाहत राहिली. धाकटा आमच्या मागेच उभा होता. तो इकडे येऊन वीस वर्षे होत आली आहेत. आई वळून त्याला म्हणाली, "आपलं बरं म्हणायचं बाबा. विमान तरी आहे."

तो हसला, आणि मुलांना पाणी हवे का म्हणत बाहेर निघून गेला.

इथे थोडे घरचे सांगणे भाग आहे. वडील गेल्यावर घरात शिकणारे आम्ही दोघे होतो. मी मॅट्रिक झाले आणि थांबले; तो पुढे गेला. त्याला अमेरिकेला जायची संधी आली तेव्हा बँकेचे कर्ज पुरेना. आईने आपल्या चार तोळ्यांच्या पाटल्या मोडल्या. त्या पाटल्या माझ्या लग्नात माझ्या हातात घालायच्या, असे ती मी परकरी होते तेव्हापासून म्हणत आली होती. माझे लग्न लागले तेव्हा हातात एक ग्रॅमचा मुलामा होता. मी कधी काही बोलले नाही. धाकट्याने गुण उधळले असते तर बोलायला सोयीचे गेले असते. पण तो कष्टाळू निघाला, दरमहा पैसे पाठवतो, आईला नव्या पाटल्या करून देतो म्हणून दहादा म्हणाला. आईने दरवेळी, "आता कुठं मिरवायच्या आहेत मला?" म्हणून विषय मोडला. ही गोष्ट आम्हां तिघांत कधीच उघडपणे निघाली नाही. घरोघरी अशी एकेक गोष्ट असते. फराळाच्या डब्यासारखी ती वरच्या फळीवर असते, आणि कुणी हात लावत नाही.

नदीजवळ सोने धुऊन पाहण्याची सोय आहे. पैसे भरले की लांबट कुंडाशी उभे करतात आणि हातात एक उथळ थाळा देतात. त्यात वाळू घ्यायची, पाणी घ्यायचे, थाळा गोल हलवायचा आणि वरची वाळू पाण्याबरोबर सोडून द्यायची. सोने जड, ते तळाशी राहते. शिकवणारा तरुण मोठ्या उत्साहाने समजावत होता. त्याचे बोलणे आईला एक अक्षर कळले नसेल, पण तिने त्याचे हात एकदा पाहिले आणि म्हणाली, "अगं, हे तर रोळणं."

आणि तिने थाळा उचलला. ज्यांनी तांदूळ रोळताना आपल्या आईला पाहिले आहे त्यांना ते मनगट मी सांगायला नको. मुलांनी वाळूबरोबर सगळेच सांडले, धाकट्याच्या थाळ्यात नुसता चिखल, भावजय फोटो काढण्यात. आई शांतपणे थाळा फिरवत होती. "आपण खडा टाकतो आणि तांदूळ ठेवतो," ती मला म्हणाली, "हे तांदूळ टाकतात आणि खडा ठेवतात." मग काही आठवून म्हणाली, "सराफकट्ट्यात झारेकरी नाहीत का यायचे? सोनाराच्या दारातली धूळ नि गटारातला गाळ नेऊन धुवायचे. ते असंच करायचे बघ. आम्ही लहानपणी हसायचो त्यांना."

तळाशी काळ्या वाळूची बारीक चंद्रकोर उरली, आणि तिच्या कडेला तीन पिवळे ठिपके. तो तरुण चकित होऊन बघत राहिला. त्याने बोटाच्या टोकाने ते उचलून पाणी भरलेल्या इवल्याशा कुपीत टाकले आणि झाकण लावून आईच्या हातात दिले. कुंडातल्या वाळूत सोने आधीच मिसळलेले असते, हे मला धाकट्याने हळूच सांगितले. आईला मी ते सांगितले नाही.

टेकडीवर मार्शलचा पुतळा आहे, तोही पाहून झाला. सोने शोधून त्याच्या हाती काही लागले नाही. सरकारने काही वर्षे पेन्शन दिले, मग तेही बंद झाले. 1885 साली तो गरिबीतच गेला. सटरची माणसे काम टाकून सोन्यामागे पळाली, आगंतुकांनी त्याच्या जमिनी बळकावल्या, आणि तो न्याय मागत मागत 1880 साली वॉशिंग्टनला मेला. मार्शल मेल्यावर पाच वर्षांनी हा पुतळा उभा राहिला. पुतळ्याचा हात नदीकडे, सोने जिथे सापडले तिकडे दाखवतो. चढाने आईचे गुडघे दुखले, त्यामुळे आम्ही तिथे फार थांबलो नाही.

परतताना मुले पेंगुळली. आई मागे माझ्या शेजारी होती. कुपी उन्हात धरून ती तिरपी करी आणि ठिपके खाली येताना पाही. निम्म्या वाटेवर तिने ती माझ्या मांडीवर ठेवली.

"ठेव तुझ्याकडे," ती म्हणाली. "तुझ्या पाटल्यांतलं एवढं आलं. बाकीचं राहिलंय, मला ठाऊक आहे."

मोटारीत कुणीच काही बोलले नाही. धाकट्याचे डोळे समोरच्या आरशात एकदा दिसले आणि पुन्हा रस्त्याकडे गेले. मी कुपी मुठीत धरली. काच आईच्या हाताने ऊबदार झाली होती.

भाचा झोपला नव्हता. "आत्या, पाटल्या म्हणजे काय?" त्याने विचारले.

मी उत्तर देणार तोच धाकटा म्हणाला, "थांब, मी सांगतो त्याला." आणि तो इंग्रजीतून सांगू लागला. त्यातले निम्मे मला समजले, निम्मे नाही. मध्येच तो थांबे, शब्द शोधी, पुन्हा सुरू करी. आम्ही फॉलसमला पोचलो, गाडी दारात उभी राहिली, तरी तो सांगतच होता.