भामरागडचा पाया, सिरोंचाचे थर

गडचिरोली जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, छत्तीसगडच्या सीमेलगत भामरागड वसले आहे. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्यांचा संगम येथे होतो. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की गावाचा बाहेरच्या जगाशी असलेला संपर्क अनेकदा तुटतो. हिवाळ्यात पाणी ओसरते आणि पात्रातील कठीण खडक उघडे पडतात. भद्रावतीला केसरिया पार्श्वनाथांचे दर्शन घेऊन हेमलकसा येथील लोकबिरादरी प्रकल्प पाहावयास निघालेली कुटुंबे या संगमावर थोडा वेळ विसावतात. ज्या खडकावर ती बसतात, तो महाराष्ट्रातील अतिप्राचीन खडकांपैकी एक आहे, याची कल्पना मात्र फार थोड्यांना असते.

हा खडक बस्तरच्या प्राचीन भूखंडाचा भाग आहे. भूगर्भातील उष्णता व दाब यांनी तो पुनःपुन्हा भाजून, दाबून निघाला. या भूखंडातील बहुतेक पायाभूत खडकांचे वय २५० कोटी वर्षांहून अधिक असून काही ठिकाणी ते ३५० कोटींच्या पलीकडे जाते. येथे शिंपला, हाड किंवा पानाचा ठसा शोधणाऱ्यास रिकाम्या हाताने परतावे लागते. हे खडक घडले तेव्हा हाडे असलेला प्राणी किंवा पाने असलेले झाड पृथ्वीवर अस्तित्वातच नव्हते. त्यामुळे भामरागडच्या दगडाचे मौन हीदेखील एक साक्ष ठरते.

बोलके दगड पाहायचे तर आलापल्लीला परत येऊन सिरोंचाचा रस्ता धरावा लागतो. साग-बांबूच्या अरण्यातून दक्षिणेकडे जाताना प्रवासी न कळत जुन्या भूखंडावरून उतरून एका विस्तीर्ण खोलगट पट्ट्यात येतो. प्राणहिता व गोदावरी यांच्या खोऱ्यात कोट्यवधी वर्षे जमीन खचत गेली आणि नद्या त्या खळग्यात वाळू व गाळ आणून टाकीत राहिल्या. आधी आलेला गाळ तळाशी, नंतरचा त्यावर. थर उलटेपालटे झालेले नसतील, तर खालचा थर वरच्यापेक्षा जुना, हा या शास्त्राचा पहिला नियम. रोजमेळाची पाने क्रमाने लिहिली जावीत, तसे हे थर साचले.

सिरोंचाजवळ प्राणहितेच्या डाव्या तीरावरील कोटा हे लहानसे गाव भूशास्त्राच्या ग्रंथांत जगभर परिचित आहे. येथील चुनखडकात माशांचे जीवाश्म मिळाले आणि १८५१ मध्ये सर फिलिप एगर्टन यांनी त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनीही या परिसरातील जीवाश्मांचा अभ्यास केला. कोटाच्या माशांचे साम्य इंग्लंडमधील ज्युरासिक काळाच्या आरंभीच्या थरांतील माशांशी आढळले. एकाच काळाचे जीव दूरदूरच्या थरांतही सापडतात. म्हणून जीवाश्म हे थरांची ओळख पटविणाऱ्या मोहरेसारखे काम करतात. सिरोंचा तालुक्यातील वडधम येथे दगड झालेले वृक्षांचे बुंधे आजही पाहावयास मिळतात.

प्राणहितेच्या पलीकडे, आजच्या तेलंगणातील पोचमपल्ली गावाजवळ, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संशोधकांना एका महाकाय डायनासोरची शेकडो हाडे सापडली. त्याच्या मांडीचे हाड जवळजवळ माणसाच्या उंचीचे होते. हाडांसोबत मोठमोठे बुंधेही गाडले गेले होते. जणू एकाच महापुराने दोन्ही वाहून आणली असावीत. १९७५ मध्ये एस. एल. जैन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्राण्याला ‘बारापासॉरस टागोराय’ हे नाव दिले. १९६१ हे रवींद्रनाथ टागोरांचे जन्मशताब्दी वर्ष होते. त्याची आठवण या नावात राहिली. तो सांगाडा आज कोलकात्यात उभा आहे.

थरांवरून कोण आधी आणि कोण नंतर, एवढेच कळते. वर्षांचा आकडा मिळतो तो दुसऱ्या हिशेबातून. लाव्हा किंवा ग्रॅनाइट थंड होताना झिरकॉन नावाचे सूक्ष्म स्फटिक तयार होतात आणि त्यांत थोडे युरेनियम अडकते. ते ठरलेल्या गतीने शिशात बदलत जाते. युरेनियमच्या मुख्य प्रकारातील निम्मा साठा संपण्यास सुमारे ४४७ कोटी वर्षे लागतात. उरलेल्यातील निम्मा संपण्यास पुन्हा तितकीच. शिल्लक युरेनियम आणि जमा झालेले शिसे यांचे प्रमाण मोजले की स्फटिकाचे वय निघते. पृथ्वीचे अगदी आरंभीचे खडक वितळून नष्ट झाले आहेत. म्हणून १९५६ मध्ये क्लेअर पॅटरसन यांनी उल्कांमधील शिसे मोजले आणि पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे ठरविले. त्यानंतरच्या मोजणींत या आकड्यात फारसा फरक पडलेला नाही.

प्रवचनात पल्योपम व सागरोपम ही कालमाने ऐकणाऱ्या श्रोत्यास मोठ्या संख्यांचे भय वाटत नाही. मात्र ती परंपरेची कालगणना आहे आणि ही दगडातून मोजलेली. दोहोंची सरमिसळ करण्याचे कारण नाही. शिवाय वाळू-गाळाच्या खडकाचे वय असे थेट निघत नाही, कारण त्यातील स्फटिक दुसऱ्या, जुन्या खडकांतून आलेले असतात. म्हणूनच कोटाच्या थरांचे वय मुख्यतः जीवाश्मांच्या तुलनेने ठरते. ते ज्युरासिकच्या आरंभाचे की मध्याचे, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मोटा अंदाज सतरा-अठरा कोटी वर्षांचा धरता येतो. हा वाद मिटवील असा पुरावा अजून त्या मातीतच असू शकेल.

येथेच प्रवाशाची जबाबदारी सुरू होते. परतीच्या वाटेवर चंद्रपूरचा कोळसा लागतो. तो कोटाच्या थरांहून दहा कोटी वर्षांनी जुना. त्याच्या सोबतच्या खडकांत ग्लॉसोप्टेरिस या वनस्पतीची पाने सापडतात. पुढे वरोरा तालुक्यातील पिसदुऱ्यास डायनासोरांच्या विष्ठेचे जीवाश्म मिळतात. त्यांत गवताचे सूक्ष्म अंश आढळल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि डायनासोरांच्या काळी गवत नव्हते ही जुनी समजूत मोडली. विष्ठेचा तो गोळा कोणी शोभेची वस्तू म्हणून घरी नेला असता, तर ही गोष्ट कळली नसती. थरातून उचललेला जीवाश्म म्हणजे वहीतून फाडलेले पान. त्यावरील रक्कम वाचता येते, पण तारीख हरवलेली असते.

भामरागडच्या खडकांची झीज आजही चालू आहे. त्यांची वाळू इंद्रावतीच्या पाण्यासोबत गोदावरीकडे जाते आणि वाटेत कोठेतरी नव्या थरात साचते. संगमावर बसलेल्या कुटुंबातील मुलाने खिशात घातलेला खडा आईने त्याला परत जागेवर ठेवावयास सांगावा, एवढेच त्या भूमीचे मागणे आहे.