राजाच्या चौकाखालची लाँड्री

परदेशी गेल्यावर राजवाडे, बाजार आपण पाहतोच. पण स्पेनमधल्या बार्सिलोनाला गेलात, तर जमिनीखालचं शहरही जरूर पाहा.

धाकटे भाऊजी तिथे नोकरीला आहेत, म्हणून आम्ही सगळे गेलो होतो. जुन्या वस्तीत ‘प्लासा देल रेइ’, म्हणजे राजाचा चौक आहे. नव्या रस्त्याच्या आड आलेला एक जुना वाडा १९३१ साली दगड न् दगड हलवून इथे उभारायला घेतला. पाया खणला, तर खाली रोमन लोकांचं ‘बार्सिनो’! सम्राट ऑगस्टसच्या काळात, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी वसलेलं. १९४३ साली तिथे संग्रहालय उघडलं.

सासूबाईंचे गुडघे दुखत होते. “पडक्या भिंती काय पाहायच्या गं? तुम्ही जाऊन या,” त्या म्हणाल्या. “आई, लिफ्ट आहे,” म्हणून मी त्यांना नेलंच.

खाली गेलो नि थक्क झालो. रस्ते, गटारं, घरांचे चौथरे सगळं जागच्या जागी. वरून बांधलेल्या वाटेवरून आपण चालायचं. मासे खारवायची टाकी पाहिली. माशांची आतडी मिठात मुरवून रोमन लोक ‘गारुम’ नावाचं कालवण करीत आणि जेवणात चवीला घालीत. दारू साठवायचे रांजण जमिनीत अर्धे पुरलेले. कापड रंगवायच्या जागी तर निळ्या रंगाच्या खुणा अजून दिसतात!

आणि शेजारीच लाँड्री. तेव्हा मळ काढायला काय वापरीत, सांगू? शिळं मूत्र! नाक मुरडू नका. त्यातल्या अमोनियानं तेलकट डाग निघतात. टाक्यात उभं राहून कपडे पायांनी तुडवायचे. हे काम बहुतेक गुलामांच्या नाहीतर गरिबांच्या वाट्याला येई.

सासूबाई तिथून हलेनात. मग हळूच म्हणाल्या, “बारा माणसांचं धुणं विहिरीवर धुतलं गं मी. कोणी वळून पाहिलं नाही. इथं तिकीट काढून बघतात!” त्या हसल्या. मला मात्र हसू आलं नाही. लग्नाला बारा वर्षं झाली, पण त्या विहिरीबद्दल मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं.

मी शाळेत अर्धवेळ इतिहास शिकवते. राजांची नावं नि सनावळ्या मुलांकडून घोकून घेते. आता धडा सुरू करताना आधी विचारते, “या राजाचे कपडे कोण धूत असेल?” मुलं हसतात, मग विचारात पडतात.

आणि घरी आल्यावर एक वही केली आहे. दुपारी सासूबाई सांगतात, मी लिहिते. पहिल्या पानावर विहीर आहे.

तुमच्या घरातल्या विहिरीबद्दल कुणाला विचारलंत का हो?