मुका फोन

२०२४ च्या जुलैत माडिया गीतांच्या नोंदी घेण्यासाठी आम्ही भामरागडला गेलो होतो. पर्लकोटेचे पाणी पुलावर चढले आणि आलापल्लीकडचा रस्ता बंद झाला. नदीविषयी तक्रार नव्हती. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा यांच्या संगमापाशी राहायचे तर त्यांची मर्जी सांभाळावीच लागते. आमचा घात केला तो खिशात शिरलेल्या पावसाने. फोन भिजला आणि मिटला.

ज्यांच्याकडे उतरलो होतो त्यांनी आपला जुना, बटणांचा फोन पुढे केला. "सर, तुमचं सिम टाका यात." पण सिम होते कुठे?

महिन्यापूर्वीच आम्ही हौसेने ई-सिम घेतले होते. खरे पाहता सिममध्ये प्लास्टिकला महत्त्व नसतेच. आत जपलेली असते ती ग्राहकाची अंकांतली ओळख आणि एक गुप्त किल्ली. तीच किल्ली कंपनीकडेही असते. नेटवर्क एक आकडा पाठवते, सिम किल्लीच्या आधारे त्याचे उत्तर काढते आणि उत्तर जुळले की प्रवेश मिळतो. किल्ली स्वतः कधी हवेतून जात नाही. ई-सिममध्ये हाच ऐवज 'प्रोफाइल' या नावाने इंटरनेटवरून उतरतो आणि फोनमध्ये जडवलेल्या चिपमध्ये बसतो. त्या चिपला स्वतःचा ३२ अंकी क्रमांक असतो आणि प्रोफाइल कुलूपबंद होऊन येते ते त्या एकाच चिपसाठी. क्यूआर कोड म्हणजे प्रोफाइल नव्हे. तो केवळ सर्व्हरचा पत्ता आणि परवलीचा शब्द. दुकानात आम्हाला एवढेच सांगितले होते की, आता कार्ड हरवायची भीती नाही. ते खोटेही नव्हते.

नागपुरात आईची अँजिओप्लास्टी होऊन महिना झाला होता. रोज रात्री आठला आम्ही फोन करीत असू. त्या बटणांच्या फोनवरून लावला. तिने उचलला नाही. अनोळखी नंबर घ्यायचा नाही, असे तिला बजावणारे आम्हीच. मेसेज ती उघडत नाही. शेजाऱ्यांचा नंबर पाठ नव्हता. पाठ होता तो एकटा तिचा.

तिसऱ्या दिवशी तिने उचलला. "कोण बोलतंय?" या प्रश्नाला आम्ही नाव सांगितले, तरी ती क्षणभर गप्पच राहिली. मग म्हणाली, "खोकून दाखव बघू."

परतल्यावर आम्ही पुन्हा कार्डच मागितले. आईच्या फोनात भामरागडचा तो नंबर अजून आहे, आमच्याच नावाखाली.