तात्यांची नॅनो माझ्या नावे

पिग्मी गोळा करणाऱ्या बाईला उधारी कुणी शिकवावी लागत नाही. चिंचवडगावातल्या एका पतसंस्थेसाठी मी वर्षानुवर्षं दुकानोदुकानी फिरले. कोण किती पाण्यात आहे हे मला पासबुकाच्या पानांवरून कळायचं. कर्जाला दोन जामीनदार लागतात, तेही पगारदार, आणि सहीच्या दिवशी नेमके ते गावाला गेलेले असतात. हे सगळं पाहिलेली मी. तरीही तात्यांनी मला ज्या रीतीने गाडी दिली, तसा व्यवहार मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही पाहिला नाही.

तात्या आमच्या मागच्या आळीतले. सगळी नोकरी टेल्कोत, टूलरूममध्ये. कंपनीचं नाव २००३ मध्ये टाटा मोटर्स झालं, पण पिंपरी-चिंचवडात ज्यांच्या घरात तिथला पगार आला ते आजही टेल्कोच म्हणतात. १० जानेवारी २००८ ला दिल्लीच्या प्रदर्शनात रतन टाटांनी नॅनो ही छोटी गाडी स्वतः चालवत मंचावर आणली, तेव्हा तात्या निवृत्त होऊन बसले होते. एक लाखाची मोटार म्हणून जग टाळ्या वाजवत होतं, आणि हे आळीभर सांगत होते, “आपल्या पोरांनी केलीय.” त्यात बढाई फारशी नव्हती. गाडीचं बरंचसं काम खरोखरच पिंपरीच्या संशोधन केंद्रात झालं होतं आणि सगळ्या प्रकल्पाची धुरा गिरीश वाघ या मराठी अभियंत्याकडे होती.

पुढे बंगालमध्ये सिंगूरला गाडीच्या कारखान्याच्या जमिनीवरून आंदोलन झालं, ऑक्टोबर २००८ मध्ये कंपनीने बंगाल सोडून गुजरातेत साणंदला जायचं ठरवलं. २००९ च्या एप्रिलमध्ये नोंदणी सुरू झाली तेव्हा पैसे आधी भरायचे होते. अगदी साध्या मॉडेलला ९५ हजार. दोन लाखांहून जास्त लोकांनी भरले आणि त्यांतल्या एक लाखांची नावं सोडतीने काढली. तात्यांनी फंडातले पैसे भरले होते. काकू त्यांच्याशी काही दिवस बोलत नव्हत्या. साणंदचा कारखाना तयार नव्हता, म्हणून सुरुवातीच्या गाड्या उत्तराखंडातल्या पंतनगरला बनत. तिथून तात्यांची पांढरी नॅनो २०१० मध्ये आळीत आली. ए.सी. नाही, पॉवर स्टिअरिंग नाही, पुढे एकच वायपर, आरसा फक्त उजवीकडे. काकूंनी ओवाळलं आणि नारळ मात्र तात्यांनी जमिनीवर फोडला, बॉनेटजवळ नको म्हणाले.

२०१६ मध्ये माझ्या आईची मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस, दर वेळी चार तास, आणि परवडणारं केंद्र पुण्यात. ज्यांच्या घरी हे नाही त्यांना वाटतं, सुई टोचून घेणं हाच त्रास असेल. खरा त्रास जाण्यायेण्यात आहे. डाव्या हातावर सुई टोचण्यासाठी फिस्टुला केलेला असतो. त्या हाताला धक्का लागू द्यायचा नाही, त्यावर ओझं घ्यायचं नाही, दाब पडू द्यायचा नाही. सकाळच्या पीएमपी बसच्या गर्दीत हे आईला आणि कंडक्टरला कसं समजवायचं? जाताना एक वेळ जमायचं. येताना अंगातलं पाणी काढून टाकलेलं, रक्तदाब उतरलेला, डोळ्यांपुढे अंधारी. रिक्षावाले चिंचवड म्हटलं की परतीच्या भाड्याचा हिशेब मांडायचे. दोन्ही वेळा रिक्षा केली तर माझ्या कमिशनमधून घरात काही उरत नव्हतं.

त्याच सुमारास तात्यांच्या मुलाने हिंजवडीजवळ फ्लॅट घेतला आणि आईवडिलांना तिकडे बोलावलं. मोठी गाडी त्याने आधीच घेतली होती. नॅनो सोसायटीत आणू नका, एवढंच त्याचं म्हणणं. पोरगा वाईट नव्हता. “स्वस्तातली स्वस्त मोटार” हा शिक्का त्या गाडीवर पहिल्या दिवसापासून बसला होता आणि आपल्याकडे माणूस कर्ज काढून गाडी घेतो ती निदान शेजाऱ्याच्या तोडीची दिसावी म्हणून. खुद्द रतन टाटांनीही पुढे मान्य केलं की ‘सर्वांत स्वस्त’ ही ओळख गाडीला चिकटायला नको होती. त्यात २०१० मध्ये काही नॅनो पेटल्याच्या बातम्या आल्या. कंपनीने जादा संरक्षणाचे भाग फुकट बसवून दिले, पण लोकांच्या मनातून धूर गेला नाही.

तात्या एका संध्याकाळी आले. आईच्या फाइलवर नजर टाकली आणि म्हणाले, “बाई, गाडी तू घे. साठ हजार. महिन्याला तीन हजार दे. हप्ता चुकवायचा नाही.” मी म्हटलं, तात्या, मला सायकलपलीकडे लुनाच येते. “ते माझ्याकडे लागलं,” म्हणाले.

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या केल्या. आरटीओबाहेरचा एजंट त्यांना बाजूला घेऊन समजावत होता की काका, आधी पैसे पुरे होऊ द्या, मग नाव बदला, उद्या गाडी गेली तर काय करणार? तात्यांनी त्याला त्याची फी दिली आणि पेन परत मागितलं. एक हप्ताही न देता एम.एच. १४ ची ती गाडी माझ्या नावावर झाली.

इथे मला माझ्या धंद्याचं एक सांगायचं आहे. तीच गाडी पाच लाखांची असती तर तात्यांनी ती अशी दिली नसती, देऊही शकले नसते. मुलाने, सुनेने, जावयाने सल्ले दिले असते, वित्तसंस्था मध्ये आली असती, जामीनदार आले असते. स्वस्त वस्तू माणूस विश्वासावर दुसऱ्याच्या हातात ठेवू शकतो. त्या गाडीला हसणाऱ्यांनी तिच्या स्वस्ताईचा हा उपयोग कधी मोजला नाही.

शिकवणी पहाटे, निगडी प्राधिकरणातल्या रुंद, रिकाम्या रस्त्यांवर. तात्या आवाज चढवत नसत, पण चूक झाली की गाडी बंद करायला लावून मला खाली उतरवायचे आणि गाडीभोवती फिरवायचे. “कुठे संपते ते बघ.” जेमतेम तीन मीटर लांबीची गाडी, संपायला कितीशी लागते! पण ते पुन्हा दाखवायचे. इंजिन मागे, मागच्या सीटच्याही मागे. पुढच्या बॉनेटखाली स्टेपनी आणि पेट्रोलचं तोंड. बॅटरी पुढच्या सीटखाली. डिकी बाहेरून उघडायचीच नाही, सीट पाडून आतून सामान ठेवायचं. चाकाला नट तीन. “चौथा का नाही?” मी विचारलं. “हलक्या गाडीला तीन पुरतात. नको तिथे लोखंड घालणं म्हणजे काही इंजिनीअरिंग नव्हे.” सहाशे किलोच्या त्या गाडीत काय वगळलंय ते तात्या असं सांगायचे की दागिने मोडून घर बांधलेल्या बाईचं कौतुक चाललंय असं वाटावं.

पेट्रोल पंपावर दर वेळी तोच खेळ. पोरगा नळी घेऊन मागे जायचा, झाकण शोधत गाडीला प्रदक्षिणा घालायचा, आणि मी बॉनेट उघडलं की शेजारच्या बाइकवाल्यांना हसू फुटायचं. टाकी पंधरा लिटरची. मी मात्र दोनशे-तीनशेचंच भरत असे.

आता ज्यासाठी हे सगळं लिहितेय ते. आई नऊवारी नेसायची आणि गुडघे गेलेले. मोठ्या, बसक्या गाडीत बसायचं तर आधी वाकायचं, मग स्वतःला आत सोडायचं, आणि उतरताना कुणीतरी ओढून काढायचं. नॅनोचं छप्पर उंच, सीट उंच, दार मोठं. आई पाठ टेकून खुर्चीवर बसावी तशी बसायची आणि पाय आत घ्यायची. फिस्टुलाच्या हाताखाली लहान उशी. केंद्राच्या दाराशी जिथे इतर गाड्या दोन-तीनदा पुढेमागे करत, तिथे मी एका वळशात गाडी पायरीशी लावत असे. चार मीटरची वळणत्रिज्या कागदावर वाचताना काहीच वाटत नाही. चक्कर आलेल्या माणसाला उन्हात वीस पावलं चालावं लागलं नाही, हा तिचा अर्थ. पिंपरीत ज्या कुणी सीटची उंची ठरवली, दाराचं माप धरलं, त्यांतल्या एकालाही मी ओळखत नाही. त्यांचंही माझ्याकडे येणं आहे.

गाडीत दोष नव्हते असं नाही. दोन सिलिंडरचा आवाज अगदी रिक्षाचा. आमच्या नाक्यावरचे रिक्षावाले मला “या भाऊ” म्हणून हाक मारायचे. उन्हाळ्यात मागच्या सीटला इंजिनची धग लागायची. हायवेला ट्रक जवळून गेला की गाडी अंग चोरायची. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत तिला शून्य तारे मिळाले होते, हे मी वाचलं होतं आणि विसरले नव्हते. म्हणून एक्स्प्रेस-वेवर ती कधीच नेली नाही, आणि साठाच्या वर काटा सहसा जाऊ दिला नाही. आई एकदा हट्टाला पेटली की वाईजवळचं माहेर बघायचंय, तेवढाच एक लांबचा प्रवास. खंबाटकीचा घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढलो. आई म्हणाली, “चढतीय की गं.” माहेरच्या घरी तिला घोटभरच पाणी प्यायची मुभा होती, तेवढं पिऊन, भावजयीला भेटून संध्याकाळी परत.

एकदा कासारवाडीला, ऐन नाशिक फाट्याच्या गर्दीत, क्लचची वायर तुटली. आई मागे झोपलेली. मागून हॉर्न. समोरच्या स्टँडवरचे रिक्षावाले आधी हसले, मग दोघांनी उतरून गाडी ढकलत बाजूला घेतली. तिला ढकलायला तिसरा लागत नाही. त्यांच्यातल्याच एकाने आईला केंद्रावर सोडलं आणि भाडं मीटरप्रमाणे घेतलं, एक रुपया जास्त नाही. दुसऱ्याने मला एक मिस्त्री गाठून दिला, मूळचा रिक्षावरचा. इंजिनवरच्या झाकणाचे हाताने फिरणारे स्क्रू काढून त्याने आत डोकावलं आणि खूश झाला. “ताई, ही आमच्याच घराण्यातली.” पुढे गाडी त्यानेच सांभाळली. कंपनीने २०१८ मध्ये नॅनो बनवणं थांबवलं. त्या वर्षीच्या जून महिन्यात साऱ्या देशात एकच नॅनो तयार झाली होती. पार्ट मिळेनात तेव्हा मिस्त्री कुठूनकुठून शोधून आणायचा.

तात्यांनी एकही हप्ता सोडला नाही. आईची तब्येत बिघडली त्या महिन्यात मी दीड हजारच घेऊन गेले, तर म्हणाले, बाकीचे पुढच्या पाच तारखेला. वहीत माझं पान होतं, त्यावर तारीख घालून माझी सही घेत. व्याज मात्र मी दोनदा विषय काढूनही घेतलं नाही. दुसऱ्यांदा तर रागावले. काकू आतून डबा भरून देत, बिनमिठाची भाजी वेगळी, आईसाठी. पालेभाजी उकळून पाणी ओतून टाकायचं, हे पथ्य त्यांनी कुणाला विचारून घेतलं होतं कोण जाणे. दया केली असती तर मी त्यांच्या दारात जायचं टाळलं असतं. हप्ता घेतला म्हणून ताठ मानेने जाता आलं. वसुलीच्या धंद्यात राहूनही हे मला तात्यांकडून कळलं.

शेवटचा हप्ता फिटला त्या दिवशी त्यांनी पानावर रेघ मारली आणि गाडीची दुसरी किल्ली दिली, जी त्यांनी तोवर स्वतःकडे ठेवली होती. तसे पक्के टेल्कोवाले!

२०२० च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं. बस नाही, रिक्षा नाही, आणि डायलिसिसला टाळेबंदी कळत नाही. हॅरिस पुलाच्या अलीकडे पोलीस गाडी थांबवायचे, मी आईची फाइल काचेला लावायची. आमच्या भागातल्या आणखी दोन पेशंटना जायची सोय नव्हती. एक पेंटर, एक शाळेतल्या मावशी. त्यांनाही मी नेऊ लागले. मावशींचे वार आईचेच, पेंटरचे वेगळे. पेट्रोलचे पैसे पेंटरने द्यायला सुरुवात केली तेव्हा मी तात्यांना फोन करून विचारलं, घेऊ का? “घे. हिशेबाने घे,” म्हणाले.

आई २०२१ मध्ये गेली, तिच्या पाठोपाठ पुढच्या वर्षी तात्या. काकू मुलाकडे आहेत. मी दिवाळीला जाते तेव्हा गाडी सोसायटीच्या आत, पाहुण्यांच्या जागेवर लावते. मुलाने रखवालदाराला तसं सांगून ठेवलंय.

गाडीला १५ वर्षं झाली. पर्यावरण कर भरून, तपासणी करून आणखी पाच वर्षांची नोंदणी घेतली आहे. मिस्त्री म्हणतो, इंजिन ठीक आहे. ती मावशींना अजून नेते-आणते; पेट्रोल त्यांचं, गाडी माझी, आठवड्यातून दोन दिवस मी चालवते आणि एक दिवस त्यांचा भाचा. पेंटरला आता मूत्रपिंड मिळालं, तो दुचाकीवर फिरतो.

तुमच्या आळीत कुणी जुनी नॅनो किंवा तसलीच एखादी छोटी गाडी काढायला निघालं असेल, तर भंगारवाल्याला फोन करण्याआधी जवळच्या डायलिसिस केंद्रात एकदा विचारा. तिथल्या बाकावर बसलेल्यांत कुणीतरी हप्त्याने घेईल. हप्ता मात्र घ्या.